बांधाच्या खालच्या अंगाला

खुंटीच्या डोक्याला लाल रंग फासला होता आणि त्या रंगात एक मुंगी अडकली होती. मागचे पाय हलत होते तिचे, पुढचे थिजले होते... दोन हजार बावीस सालचा फेब्रुवारी सरत आला होता, हरभरा निघून रान मोकळं झालं होतं, आणि शिवकन्या गुडघ्यांवर हात टेकून त्या मुंगीकडे बघत होती. काडीने तिला उचलावं असं वाटत होतं, पण काडीसाठी हलावं लागलं असतं आणि हलायची तिची तयारी नव्हती. खुंटीवर काळ्या शाईने एक आकडा लिहिला होता, आकड्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह. वजा म्हणजे इथली माती काढायची. हे तिला कालच कळलं होतं. संगमेश्वरने, तिच्या मुलाने, लातूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता — लाल तिथं कटिंग, हिरवं तिथं भराव, अव्वा, एवढंच ध्यानात ठेव, बाकीचं इंजिनियर बघतील — आणि भाताचा घास हातात धरून तिने नकाशात आपला लिंब, रानातला तो कडुलिंब, शोधला होता. सापडला. एक छोटं वर्तुळ, लाल रंगाच्या अगदी पोटात.

घास तिने ताटात परत ठेवला होता. शिल्पाने, सुनेने, विचारलं, "भाजी खारट झाली का?" आणि ती म्हणाली होती, हो, थोडी. भाजी खारट नव्हती. बिचारी शिल्पा.

चाकूरच्या अलीकडे, नांदेड रस्त्याला लागून असलेलं हे रान आता प्लॉटिंगला दिलेलं होतं. करारनामा होऊन वर्ष होत आलं. त्यात एक कलम असं होतं की सपाटीकरणाचा आराखडा आधी जमीनमालकाला दाखवायचा, आजची पातळी कुठे, उद्याची कुठे, कुठली माती काढून कुठे टाकणार, पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, हे सगळं त्यात हवं, आणि त्याच्या प्रत्येक पानावर मालकाची सही झाल्याशिवाय यंत्राने रानात चाक ठेवायचं नाही. मालक म्हणजे ती. नवरा, विरूपाक्ष, गेल्यावर सात-बारावर तिचंच नाव लागलं होतं. वकिलाने ते कलम वाचून दाखवलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं — कुणीतरी आपल्याला विचारणार आहे. विचारणं म्हणजे काय असतं ते आज कळत होतं. रस्त्याच्या कडेला जेसीबी उभा होता, त्याचा ड्रायव्हर सावलीला गमछा टाकून आडवा झाला होता, आणि सगळं तिच्या एका सहीपाशी थांबलं होतं.

विरूपाक्षची समाधी रस्त्याकडच्या कोपऱ्यात होती. तिच्याभोवती नकाशात काळी चौकट होती आणि करारात स्वतंत्र कलम — समाधीची जागा वगळून. तिच्या सासूची, गंगम्माची, समाधी त्याच चौकटीत, शेजारी. आपल्या माणसांना आपल्याच रानात माती द्यायची ही घराण्याची रीत, आणि ती बिल्डरच्या माणसांनाही ठाऊक होती, त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, तिथं आमचा माणूस पायसुद्धा ठेवणार नाही. ज्यांच्यावर दगड आहे त्यांच्यासाठी कलम होतं.

आणि जिच्यावर दगड नाही...

संगमेश्वरला ठाऊक नाही. त्याच्या आधी एक मुलगी झाली होती हे त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं राहून गेलं, मग सांगण्यासारखं राहिलं नाही. एकाहत्तर साल. जंगमस्वामी येऊन गळ्यात लिंग बांधून गेले होते, नाव ठेवायचं बाकी होतं, पाळणा शेजारून मागून आणला होता आणि त्याची एक दोरी बदलायची होती. एवढं तिला आठवतं — दोरी. ताप कधी चढला ते आठवत नाही, मूल दूध ओढेना झालं ती वेळ आठवत नाही, दोरी मात्र अंबाडीची होती, नवी, हिरवट वासाची, आणि ती खुंटाळ्याला लटकत राहिली कितीतरी दिवस. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. विरूपाक्ष आणि गंगम्मा गेले. परत आले तेव्हा गंगम्माच्या हाताला ओली माती होती, नखांत. शिवकन्येने विचारलं, कुठं? गंगम्मा घंगाळात हात धूत म्हणाली, "बांधाच्या खालच्या अंगाला. लिंबापाशी." मग मागे वळून न बघता म्हणाली, "एवढ्याशा जिवाला दगड ठेवत नसतेत. इचारू नको आता."

तिने विचारलं नाही. पन्नास वर्षं विचारलं नाही.

त्यानंतर ती उदगीरला माहेरी गेली, अंगात ताकद येईपर्यंत म्हणून, आणि राहिली वर्षाहून जास्त. परतली तेव्हा दुष्काळ होता, विहिरीत दगड दिसत होते. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच रानात आली ती, एकटीच, डोक्यावर पदर घट्ट ओढून, जणू कुणी बघेल. बांध होता. बांधाच्या खाली लिंबाचं एक रोपटं होतं, वीतभर उंचीचं. रोपटं बघून तिला वाटलं — मला वाटलं, हे मुद्दाम लावलंय, माझ्यासाठी, खूण म्हणून, दगड ठेवत नाहीत म्हणून झाड. त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. तिथं नांगर फिरू दिला नाही. गड्याला सांगितलं, तिथं मला नाग दिसला. विरूपाक्ष ऐकत होता. बैलांना जरा वळसा घाल म्हणाला. दरवर्षी वळसा. मग ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरनेही वळसा घातला. लोक म्हणायचे, अक्काचा नाग. ती दुपारची भाकरी तिथंच सोडायची. संगमेश्वर तिथंच रांगला. त्याला तिथं बसवताना तिला दर वेळी काहीतरी वाटायचं, ज्याला नाव नव्हतं. बहीण-भावंडं एका जागी बसली आहेत असं काहीसं... पण एवढं स्पष्ट ती स्वतःशीही कधी म्हणाली नव्हती.

"आजी, ऊन लागतंय. खुर्ची आणू का?"

वर्षाराणी. बिल्डरकडची इंजिनियर, देगलूरची पोर, डोक्यावर पिवळी टोपी आणि टोपीखालून ओढणी. हातात नकाशाची गुंडाळी. आल्यापासून तिने घाई केली नव्हती, त्याचंच शिवकन्येला ओझं वाटत होतं. घाई केली असती तर चिडता आलं असतं.

"हे झाड," शिवकन्या म्हणाली. "हे झाड आहे तसं राहू दे. झाड आणि खालची जागा. हा उंचवटा."

वर्षाराणीने नकाशा खुर्चीवर पसरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले. लाल भागावर बोट फिरवत ती म्हणाली, "ठेवता येईल. भोवती गोल कट्टा बांधू. पण मग उतार मोडतो, आजी. सगळं पाणी इकडून वगळीकडं, त्या खालच्या ओढ्याकडं, न्यायचं म्हणून तर हा उंचवटा काढतोय. हा ठेवला की पाणी दोन्हीकडून फुटणार, आणि अर्धं जाणार त्या पत्र्याच्या घराकडं." तिने हात केला. खाली, रानाच्या हद्दीला लागून, कस्तुराबाईंचं घर. "शेजारच्याच्या हद्दीत पाणी सोडायचं तर करारात त्यांची लेखी संमती लागते. त्या देत असतील तर मी उद्या नवा नकाशा देते."

संगमेश्वर फोन कानाला लावून गाडीपाशी येरझाऱ्या घालत होता. फोन ठेवून जवळ आला. "अव्वा, लिंबच पायजे ना तुला? बागेत धा लिंबं लावू की. काय आहे त्या झाडात?"

"नाग आहे," ती म्हणाली.

तो हसला. चाळिशी ओलांडलेला, शाळेत गणित शिकवणारा मुलगा, तो हसला आणि वर्षाराणीकडे बघून म्हणाला, "लहानपणापासून ऐकतोय. एकदा पण दिसला नाही." वर्षाराणी हसली नाही. ती शिवकन्येच्या तोंडाकडे बघत होती आणि शिवकन्येने मान फिरवली.

कस्तुराबाईंकडे मी एकटी जाते, ती म्हणाली.

उताराने जाताना तिला पहिल्यांदा उतार जाणवला. पन्नास वर्षं या रानात पाय टाकले, पण जमीन कुठे कलते हे पायांनी कधी वर सांगितलं नव्हतं. आता जागोजागी खुंट्या होत्या, लाल संपून हिरव्या लागल्या, आणि पोटऱ्या ताणल्या जात होत्या. काय सांगायचं कस्तुराबाईला? पाणी तुझ्या अंगणात येऊ दे, कारण... कारणाचं काय? खोटं बोलायचं तर नाग आहेच. पण ज्या बाईच्या सुनेच्या बाळंतपणाला आपण रात्र जागलो, जिने आपल्या नवऱ्याच्या मातीला पहिली ओंजळ दिली, तिच्या चुलीत पाणी सोडायला नाग पुरेल का? आणि खरं सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही. तेच तर वाईट. ती सही करेल आणि प्रत्येक पावसाळ्यात उंबऱ्याला पोती लावत बसेल.

कस्तुराबाई दारात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"या अक्का. म्हटलंच मी, इत्त्या टायमाला कोण येऊन राह्यलंय रानातून, चोर का पाव्हणा." मग डोळे बारीक करून, "दोन्ही न्हाई. मालकीण हाय. बसा."

"मालकीण कसली..."

"मग! मशीन दारात हुबी हाय तुमच्या. मपलं म्हातारं घरात बसून सकाळपासून तेवढंच बघून राह्यलंय. ग्यानोबा म्हण, ज्ञानेश्वर म्हण, कामाला हाक मारली की ऐकू येत न्हाई, मशीनीचा आवाज पैला ऐकू येतो." आतून ग्यानोबा खोकले. "ऐकलं बगा. आता बरं ऐकलं." त्यांनी सूप झटकलं. "एक सांगून ठेवते अक्का, हसू नका. तुमच्या प्लाटातलं पाणी मपल्या चुलीत आलं ना, तर मी तव्यासकट तुमच्या लातूरच्या बंगल्यात येऊन भाकरी थापीन. शिल्पाला म्हणावं, सरक."

शिवकन्या हसली. ती ओट्यावर बसली आणि जे बोलायचं होतं ते टाळून म्हणाली, "तो वरचा उंचवटा आहे ना, लिंबाचा. तो तसाच ठेवावा म्हणते मी. जुना बांध आहे तो."

"कुठला जुना?"

"तोच. वरचा."

"त्यो कुठला जुना?" कस्तुराबाईंनी आता सूप खाली ठेवलं. "अक्का, त्यो दुष्काळातला बांध हाय. बहात्तरचा. मीच वाहिलीय की माती, नवी नवरी मी, डोस्क्यावर पाटी, हातावर सुकडी. सुकडी खाऊन खाऊन त्वांड आलं व्हतं समद्यांला. तुमी कुठं व्हता तवा? हाव, उदगीरला व्हता तुमी." त्यांनी हाताने हवेत एक रेघ ओढली, खाली, स्वतःच्या कुंपणाच्या पलीकडे, शिवकन्येच्याच रानात, वगळीच्या काठाला. "जुना बांध हितं व्हता. पार खाली. त्यो फोडून त्याचीच माती वर न्हेऊन टाकली आमी. मुकादम म्हणायचा, सरकारी मापानं बांध पायजे, वाकडा चालत न्हाई. सा म्हैने तेच. बांधाच्या बुडापतोर खणून न्हेलं."

"आणि लिंब?"

"लिंबबी हितं व्हता. लई मोठा. त्या साली शेरडांनी सालीसकट खाल्ला, मग जळणाला तोडला. वरचा लिंब तर बांध झाल्यावर आपोआप उगावला. कावळ्यानं टाकली आसंल लिंबोळी."

कावळ्याने. शिवकन्या ओट्याच्या कडेला धरून बसली होती. कडेचं शेण सुकून त्याचे पापुद्रे झाले होते, त्यातला एक तिच्या नखाखाली गेला. गंगम्माने बांध म्हटलं तेव्हा एकाहत्तर साल होतं. एकाहत्तर साली वरचा बांध नव्हताच. एवढं साधं. एवढं साधं गणित माझ्या डोक्यात का आलं नाही? मी बांध बघितला आणि लिंब बघितला, आणि...

"खणताना," ती म्हणाली, "त्या बुडाशी... काही सापडलं होतं का?"

"काय सापडायचं? दगडं." कस्तुराबाई हसल्या. "एक म्हातारी व्हती आमच्या टोळीत नागुबाई म्हणून, ती म्हणायची हंडा सापडंल, मोहरांचा. हंडा न्हाई नि झाकण न्हाई. पाट्या भरायच्या नि पळायचं. खाली कोण बघतंय." मग त्यांचं हसू हळूच गेलं. "का वो अक्का? काय पुरलं व्हतं का तुमच्या सासूनं?"

"नाही," ती म्हणाली. "सहज."

संमतीचं तिने काही काढलं नाही. पाणी प्यायली. तूर यंदा बारीक आहे म्हणाली. उठली.

परत चढताना ती हिरव्या खुंट्यांपाशी थांबली. इथं होता जुना बांध. इथं कुठेतरी, खालच्या अंगाला. की इथूनही खणून, पाटीत घालून, नव्या नवरीच्या डोक्यावरून वर गेली ती, त्या सरकारी बांधात? मग इतकी वर्षं मी बसत होते ते बरोबरच होतं का, चुकून बरोबर? की काहीच बरोबर नव्हतं — अर्धं इथं, अर्धं तिथं, मातीला काय माहीत. आणि विरूपाक्ष? त्याला तर जागा ठाऊक होती, त्याच्या हातांनी खणली होती त्याने. बैलांना वळसा घाल म्हणाला. वळसा घालताना त्याला ठाऊक होतं की खाली काही नाही. कावळ्याने टाकलेलं झाड आहे. पंचेचाळीस वर्षं एका बाईला चुकीच्या जागी बसू दिलं त्याने, एकदाही म्हणाला नाही, अगं तिथं नाही. तिला वाटलं आता राग येईल. राग आलाच नाही. तिला दिसला तो बैलांच्या मागे, डोक्याला मुंडासं, ओठ मिटलेले, नांगराचं तास वाकडं जातंय तरी वळसा घेणारा — आणि मनात आलं, त्याने तरी काय सांगायचं होतं? खरी जागा फोडून नेली हे? बायको बाहेर असताना, मुकादम उभा असताना, शंभर माणसांच्या पाट्या चालू असताना तो इथं उभा असेल, आणि काही बोलला नसेल... की बोलला असेल आणि कुणी ऐकलं नसेल... हे आता कोण सांगणार?

"काय म्हणाल्या, आजी?" वर्षाराणी समोर आली होती. "नकाशा बदलायचा?"

"हे हिरवं," शिवकन्येने विचारलं, "इथं फक्त वरून माती पडणार ना? खालचं हलत नाही?"

वर्षाराणी म्हणाली, "आधी वरचा थर खरवडावा लागतो, आजी. काळी माती भरवशाची नसते, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वर रस्ता केला तर रस्ता फुटतो. म्हणून सगळीकडची काळी काढायची, मुरूम लागेपर्यंत. लाल असो नाहीतर हिरवं. काळी बाजूला ढीग करून ठेवतो आणि शेवटी बागेच्या जागेत पसरतो. वाया जात नाही."

"सगळीकडची?"

"सगळीकडची."

म्हणजे रंगांना अर्थ नव्हता. कालपासून तिने घास खाल्ला नव्हता तो लाल रंगासाठी, आणि हिरवा काही वेगळा नव्हता. तिला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची इतकी भीती वाटली की तिने वर्षाराणीचं मनगट धरलं. पोरीने मनगट सोडवलं नाही. उलट आवाज खाली आणून विचारलं, "आजी, कुणी आहे का इथं?"

शिवकन्येने तिच्याकडे बघितलं. मग लांब गाडीपाशी उभ्या असलेल्या संगमेश्वरकडे.

"आहे," ती म्हणाली. "कुठं ते ठाऊक नाही."

सह्या तिने त्या दिवशी केल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात केल्या, नकाशा न बदलता, पानामागून पान, आणि संगमेश्वरने सुटकेचा श्वास सोडला. त्याला तिने अजून सांगितलेलं नाही. कधी कधी सांगायला तोंड उघडते आणि भाजीचं काहीतरी विचारते. यंत्र चाललं ते दिवस ती खुर्ची टाकून बसली होती, धुळीत, वर्षाराणीने दिलेला मास्क लावून. वर्षाराणी त्या दिवसांत दर थराच्या आधी स्वतः पुढे जाऊन उभी राहायची, ड्रायव्हर हसायचा, ती हसू द्यायची. काहीच दिसलं नाही. दिसलं नाही याचं काय करायचं हे शिवकन्येला अजून कळलेलं नाही. वर्षाराणी नंतर नांदेडला रस्त्याच्या कामावर गेली, लग्न झालं, सणाला फोन येतो. ग्यानोबा पुढच्या पावसाळ्यात गेले. कस्तुराबाईंच्या अंगणात पाणी आलं नाही. त्या शिल्पाला भेटल्या की तव्याची आठवण करून देतात. रानाला आता नाव आहे, फाटक आहे, दोन बंगले उभे राहिलेत, बागेच्या जागेत काळी माती पसरून गवत लावलंय.

मध्ये एकदा, नातेवाइकांकडून परतताना, गाडी त्या फाटकावरून गेली आणि तिचे हात आपोआप जुळले. समाधीला नाही. मग तिच्या ध्यानात आलं की हात तर जुळले, पण तोंड कुणीकडे करावं ते कळत नाही — डोळे फाटकाकडे गेले, रस्त्याकडे, गवताकडे, कुठल्याशा बंगल्याच्या पायरीकडे, वगळीकडे, आणि कुठेच थांबले नाहीत. फाटक मागे गेलं. हात तसेच जोडलेले राहिले. शिल्पाने विचारलं, "आई, काही दुखतंय का?" तिला उत्तर द्यायचं होतं. पण डोळे अजून बाहेर होते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जिथं जिथं काळी माती दिसत होती तिथं तिथं, आणि चाकूर कधीच मागे पडलं होतं.